साल पिवळी, गर कच्चा!



आज आपलं पान एका पत्रानं उघडते. पत्र आलंय भुसावळहून, सहावीतल्या एका मैत्रिणीचं. तिच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. नाताळात ती त्यांच्याकडे फराळाला गेली होती. करंजी खाता खाता तिथल्या पाहुण्या आजी सहज म्हणाल्या, "माझा नवा जन्म झाला त्याला यंदा पस्तीस वर्षं झाली."

आता आजी तर सत्तरीच्या पुढच्या! आणि आमची ही मैत्रीण पडली गणितात हुशार. तिनं लगेच विचारलं, "आजी, मग त्याच्या आधीची वर्षं कुणाची?" सगळे खो खो हसले. आजीही हसल्या. पण उत्तर काही मिळालं नाही. घरी येऊन आईला विचारलं, तर आई म्हणाली, "त्यांच्याकडे म्हणतात तसं." बाबांना विचारलं, तर पेपरमधून डोकं वर न काढता बाबा म्हणाले, "मोठी झालीस की कळेल."

शेवटी तिनं मला लिहिलं. "मावशी, आजी त्याच, चष्मा तोच, लुगडं तेच. मग नवं काय झालं?"

मोठी झालीस की कळेल, हे उत्तर मलाही लहानपणी फार वेळा मिळालंय. आणि खरं सांगू? मोठं झालं की नुसतं कळत नाही. कुणीतरी सांगावं लागतं, किंवा स्वतः ठेच खावी लागते. म्हणून आज प्रयत्न करते.

गंमत म्हणजे हाच प्रश्न सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसानं विचारला होता, आणि तोही खुद्द येशूला. त्या माणसाचं नाव निकदेम. यहुदी समाजातला मोठा मानकरी, धर्मशास्त्राचा जाणकार. तो येशूकडे आला रात्री; बहुधा चारचौघांनी पाहू नये म्हणून. येशूनं त्याला सांगितलं की माणसाला नव्यानं जन्मावं लागतं. निकदेम चक्रावला. म्हातारा झालेला माणूस पुन्हा आईच्या पोटात कसा शिरणार, असं त्यानं विचारलं. अगदी आपल्या भुसावळच्या मैत्रिणीसारखं!

येशूनं त्याला वाऱ्याचा दाखला दिला. वारा वाहतो, त्याचा आवाज येतो. पण तो कुठून आला आणि कुठं चालला, ते दिसत नाही. देवाच्या आत्म्यानं माणूस नवा होतो, तेही असंच न दिसणारं काम आहे, असा त्याचा अर्थ. ही गोष्ट बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायात आहे.

न दिसणारा वारा म्हटलं की मला मात्र आठवते केळ्यांची वखार. हसू नका! मी मुक्ताईनगरची. आमच्याकडे कुठलीही गोष्ट शेवटी केळ्यापाशीच येऊन थांबते. तर आपल्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे रोजच्या पाहण्यातली एक वस्तू घेऊ. आजची वस्तू आहे केळं.

मुक्ताईनगर, रावेर, यावल या बाजूला आलात तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच केळी दिसतील. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे 'जळगाव केळी' हे नाव आता कुणी दुसऱ्यानं वापरायचं नाही. पण शहरातल्या मुलांना एक गोष्ट ठाऊक नसते. बागेत घड कापतात तेव्हा केळं हिरवंगार असतं. इतकं टणक की सोलायला सुरी घ्यावी लागते. चव तुरट. ट्रकमध्ये चढतं तेही हिरवंच. मग ते पिवळं, गोड होतं कधी? आणि त्यात साखर घालतं कोण?

कुणीच नाही. हीच तर खरी मौज आहे. कच्च्या केळ्याच्या गरात शंभरात वीसेक भाग स्टार्च असतो. बटाट्यात, तांदळात असतो तोच. केळं पिकतं तेव्हा या स्टार्चची साखर होते. पूर्ण पिकलेल्या केळ्यात स्टार्च उरतो जेमतेम एक-दोन भाग. बाहेरून काही आलं नाही, आतलं काही काढून टाकलं नाही. केळं तेच, वजन जवळपास तेच. पण आतला माल पालटला! जे तुरट होतं तेच गोड झालं.

हे घडवून आणतो एक वायू. त्याचं नाव एथिलीन. डोळ्यांना तो दिसत नाही. केळं पिकायला लागलं की ते स्वतःच हा वायू सोडतं आणि त्यानं शेजारचं केळंही पिकायला लागतं. ही सुरुवात गरापासून होते आणि मग सालीपर्यंत पोचते. आता मोठ्या गावांतून केळी पिकवायच्या थंड खोल्या असतात. तिथं साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमान ठेवतात आणि मोजून एथिलीन सोडतात. चार-पाच दिवसांत केळी तयार. आमची आजी काही अंश-बिंश मोजत नसे. ती कच्ची केळी गव्हाच्या कोठीत पुरून ठेवायची आणि त्यात एक पिकलेलं केळं घालायची. "एक पिकेल असलं का बाकीचे पिकतात," असं म्हणायची. एथिलीनचं नावही तिनं ऐकलं नव्हतं. पण शास्त्र बरोबर होतं बरं का!

आता निकदेमाकडे वळून पाहा. नवं होणं म्हणजे दुसरं माणूस होणं नव्हे. रागीट माणसाचं रक्त काढून शांत माणसाचं भरत नाहीत. तोच माणूस, तोच स्वभाव, तीच ताकद. पण जी ताकद दुसऱ्याला टोचण्यात खर्च व्हायची, ती दुसऱ्याला सांभाळण्यात जायला लागते. बायबलचा नवा करार मुळात ग्रीक भाषेत लिहिलेला आहे. त्यात ज्या शब्दाचं मराठी भाषांतर 'पश्चात्ताप' असं करतात, त्या शब्दाचा मूळ अर्थच आहे मन पालटणं. नुसतं रडणं नव्हे, कान पकडणं नव्हे, मन पालटणं. आणि ख्रिस्ती माणसाची श्रद्धा अशी, की हे पालटणं माणसाला एकट्याच्या जोरावर जमत नाही. तो न दिसणारा वारा देवाचा असतो.

आमच्या गावच्या मुलांना निकदेमाची गोष्ट ओळखीची वाटेल. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ आहे आणि जवळच कोथळीला मुक्ताईचं. चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पत्र पाठवलं, पण मायना काय लिहावा हेच सुचेना, म्हणून कोराच कागद धाडला. तो पाहून चिमुरडी मुक्ताई म्हणाली, एवढी वर्षं जगून हे कोरेच राहिले! पुढं त्याच मुक्ताईला चांगदेवांनी गुरू केलं, असं परंपरा सांगते. रात्री आलेला तो विद्वान आणि कोरा कागद धाडणारा हा योगी, दोघांनाही पुन्हा पहिलीच्या वर्गात बसावं लागलं.

पण थांबा. केळ्याची गोष्ट अजून संपलेली नाही. तिच्यात एक लबाडीही आहे.

काही व्यापारी घाईनं केळी पिवळी करायला कॅल्शियम कार्बाइड वापरायचे. चोरून वापरणारे अजूनही सापडतात. या पुडीला ओल लागली की तिच्यातून दुसराच एक वायू निघतो. त्यानं साल झटपट पिवळीधमक होते. गिऱ्हाईक खूश! पण घरी नेऊन सोलावं, तर अनेकदा गर कडक आणि बेचव. शिवाय या पुडीत विषारी द्रव्यांचा अंश असू शकतो. म्हणून फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर आपल्या देशात बंदी आहे. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतही ती स्पष्ट लिहिलेली आहे.

साल पिवळी, गर कच्चा. अशी माणसंही असतात. मी एक जवळून पाहिलंय. ते माणूस म्हणजे मीच.

तेव्हा आमच्या गावाला एदलाबाद म्हणत. मी सातवीत होते. दोन ऑक्टोबरला शाळेत वक्तृत्व स्पर्धा असायची. माझा विषय होता 'अस्पृश्यता: एक कलंक'. भाषण मी नुसतं पाठ केलं नव्हतं, घोटलं होतं. महाडचं चवदार तळं, १९२७ साल, बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलेलं पाणी. मग राज्यघटना, सतरावं कलम, अस्पृश्यता नष्ट! शेवटच्या वाक्याला मी आवाज असा चढवला की टाळ्या थांबेनात. पहिलं बक्षीस मिळालं, एक नवी कोरी कंपासपेटी.

सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती माझी एक वर्गमैत्रीण. तिचे वडील आमच्याकडे सालदार होते. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. आमच्या ओट्यावर, भिंतीतल्या कोनाड्यात त्यांचा चहाचा कप ठेवलेला असे. कान तुटलेला, निळ्या फुलांचा. तो कप घरात यायचा नाही. चहा वरून ओतायचा. चहा पिऊन झाला की ते स्वतःच कप धुऊन कोनाड्यात पालथा घालायचे. हे कुणी मला शिकवलं नव्हतं. दिवस उगवतो, कोंबडा आरवतो, तसा तो कप तिथं होता.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर चार-पाच जणी माझ्याबरोबर घरी आल्या, कंपासपेटी नीट पाहायला. तीही आली. ऊन रणरणत होतं. सगळ्यांना तहान लागलेली. मी आतून तांब्या आणि पेला आणला. पहिलीच्या हातात पेला दिला. ती प्यायली. दुसरीला दिला. तिसरीला दिला. मग तिची पाळी आली.

आणि माझा तांब्याचा हात आपोआप वर गेला.

मी हात आधी वर नेला, की तिनं आधी ओंजळ पुढं केली, हे मला आजही सांगता येत नाही. दोघींनीही काही विचार केला नाही. दोघी घरातून तसंच शिकलो होतो. मी वरून धार धरली, ती ओंजळीनं पाणी प्यायली. थोडं तिच्या फ्रॉकवर सांडलं. महाडचं तळं, सतरावं कलम सगळं पाऊण तासापूर्वीच बोलून झालं होतं. कंपासपेटी माझ्या काखेत होती.

दारात आई उभी होती. तेव्हा ती काही बोलली नाही. रात्री मी बक्षिसाबद्दल पुन्हा सांगायला लागले, तेव्हा चुलीतला विस्तव सारखा करत ती एवढंच म्हणाली, "भाषन पिकलं वं तुझं. पन तू कच्चीच राह्यली."

मला भयंकर राग आला. मी म्हटलं, "मग तो कोनाड्यातला कप तू का नाही बदलत?" आई गप्प झाली. तिच्याजवळही उत्तर नव्हतं. घरात शब्द चालायचा आजीचा.

दिवाळीच्या आधी घर सारवायला काढलं होतं. त्या धांदलीत तो कप फुटला. "हातातून सुटला," आई म्हणाली. आईच्या हातून कधी भांडं फुटल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवसापासून सालदारदादांचा चहा आमच्याच कपांतून जायला लागला. नवा वेगळा कप काही आला नाही. आजीनं चार दिवस कुरकुर केली. महिनाभर ती त्या कपांना हात लावायच्या आधी पाणी शिंपडायची. मग शिंपडणं थांबलं. आणि संक्रांतीला आजीनंच तिळगुळाची वाटी आणि चहाचा कप त्यांच्या हातात दिला. आईनं भाषण केलं नाही. नुसती घरात होती, गव्हातल्या त्या एका पिकलेल्या केळ्यासारखी.

येशूनं देवाच्या राज्याला खमिराची उपमा दिली आहे. खमीर म्हणजे पीठ फुगवायचं आंबवण. एका बाईनं ते तीन मापं पिठात लपवलं आणि सगळं पीठ फुगून आलं, एवढीच ती गोष्ट. हल्ली ती वाचली की मला फुटलेला कप आठवतो. येशूच्या गोष्टी अशाच असतात. मीठ, दिवा, बी, हरवलेलं नाणं, पीठ मळणारी बाई. जे घरात आहे त्यातूनच तो सांगतो.

पुढं कॉलेजात असताना माझ्या हाती एक पुस्तक आलं, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. त्याचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. आई-बाबांनी ते वाचलं असेलच. नसेल तर मुलांबरोबर जरूर वाचावं. हसवतं किती आणि रडवतं किती!

लक्ष्मीबाई जन्मल्या १८६८ साली, कडक सोवळ्याच्या घरात. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचा इतका ध्यास, की बाजारातून आलेल्या जिनसाही धुऊन घ्यायच्या. लहानपणीच लग्न झालं कवी नारायण वामन टिळकांशी. 'वनवासी फूल' लिहिणारे ते हेच टिळक. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं चालले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. दोघांच्या गप्पा रंगल्या आणि उतरताना त्यानं टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. टिळक वाचत गेले. येशूचं डोंगरावरचं प्रवचन त्यांच्या मनात घर करून बसलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांचे अभंग मात्र त्यांनी सोडले नाहीत. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत.

लक्ष्मीबाईंवर मात्र आभाळ कोसळलं. नवरा धर्म सोडून गेला! त्यांनी आकांत मांडला. काही वर्षं त्या मुलाला घेऊन नातलगांकडे राहिल्या. मग तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात टिळकांजवळ राहायला आल्या. पण आपलं सोवळं घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही.

आणि मग ते घडलं. कुणाच्या भाषणानं नाही, कुणाच्या धाकानं नाही. एकट्याच विचार करत बसल्या असताना त्यांच्या मनात आलं, की देवानं माणूस केला, जाती काही देवानं केल्या नाहीत. त्या माणसांनीच केल्या. एकदा हे पटलं आणि त्यांनी ठरवलं, यापुढं कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. लक्षात घ्या, तेव्हा त्यांनी बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. तो घेतला पुढं, १९०० साली. म्हणजे गर आधी पिकला, साल मागाहून पिवळी झाली!

आमच्याकडे भर उन्हाळ्यात असंच होतं. उष्णता फार झाली की केळं आतून मऊ, गोड होतं. पण साल हिरवीच राहते. अनोळखी गिऱ्हाईक म्हणतं, "कच्चं आहे." आणि जाणता माणूस बोटानं दाबून पाहतो आणि हसतो. म्हणून सालीवरून माणसाचा निकाल लावू नये. कुणी कुठल्या देवळात जातो, कुठल्या चर्चमध्ये जातो, कुठल्या मशिदीत जातो, ही झाली साल. ती ज्याची त्यानं ठरवावी. मोठेपणी, नीट विचार करून, कुणाच्या दडपणाशिवाय. आपण पाहायचं ते गराकडं, आणि तेही आधी स्वतःच्या.

निकदेमाच्या गोष्टीला लागूनच, चौथ्या अध्यायात, दुसरी एक गोष्ट आहे. मला ती फार आवडते, कारण तिच्यात पाणी आहे. भर दुपारी येशू थकून एका विहिरीपाशी बसला होता. गाव होतं शोमरोनी लोकांचं. यहुदी लोक शोमरोन्यांना हलकं समजत. त्यांच्या भांड्याला तोंड लावत नसत. एक शोमरोनी बाई घागर घेऊन आली. येशू तिला म्हणाला, मला प्यायला पाणी दे. ती बाई थक्क! तू यहुदी, आणि माझ्याकडं पाणी मागतोस?

पाहा हं, त्यानं तिला पाणी दिलं नाही. तिच्याकडं मागितलं. देणाऱ्याचा हात वर असतो. मागणाऱ्याचा खाली. त्यानं आपला हात खाली केला. पुढं दोघांचं खूप बोलणं झालं आणि ती बाई आनंदानं धावत गावात गेली, घागर विहिरीवरच विसरून! पाणी भरायला आलेली बाई घागरच विसरते, यावरून ओळखा तिच्या आत केवढा पालट झाला असेल.

ही गोष्ट सातवीत असताना मला माहीत नव्हती. पण त्याच हिवाळ्यात, कप फुटल्यानंतर, मी एका वहीच्या निमित्तानं त्या मैत्रिणीच्या घरी गेले. गावाबाहेर दोन खणांचं घर होतं. अंगण लखलखीत सारवलेलं. वही दिली. आता परत फिरायचं. पण पाय निघेना. मी म्हटलं, "मला पाणी दे गं."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग आत गेली. तांब्या घेतला. तो स्वच्छच होता. तरी तिनं तो राखेनं घासला. विसळला. पुन्हा घासला. तिची आई दारामागून नुसती बघत होती. तो चकचकीत तांब्या पुन्हा पुन्हा घासला जात असताना मला जी लाज वाटली, तशी कुठल्याच परीक्षेत, कुठल्याच शिक्षेत वाटली नाही. तिनं पेला भरून माझ्या हातात दिला. मी तोंड लावून प्यायले. पाणी साधंच होतं, आमच्या घरच्यासारखं.

निघताना ती हळूच म्हणाली, "तुझ्या आजीले सांगू नको बरं. तुले मारतील."

तिला माझी काळजी! आणि मित्रांनो, खरं तेच लिहिते. मी आजीला सांगितलं नाही. आजी सगळं विसरून त्यांच्या हातात कप द्यायला लागली, तरीही नाही. आईलाही सांगितलं नाही. सातवीनंतर त्या मैत्रिणीची शाळा सुटली. पुढं ते कुटुंब गाव सोडून गेलं. त्या ओंजळीबद्दल मला तिची माफी मागायची होती. ती राहूनच गेली.

म्हणून भुसावळच्या मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं हे असं आहे. त्या आजींचा हिशेब चुकलेला नाही. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या आत काहीतरी पालटायला लागलं, तो दिवस त्यांनी लक्षात ठेवलाय. चष्मा तोच राहील, लुगडं तेच राहील. नवं काय झालं ते सालीवर शोधू नकोस. त्या मोलकरणीशी कशा बोलतात, चूक झाली तर कबूल करतात का, भांडलेल्या जावेकडे आधी कोण जातं, ते बघ. आणि पुढच्या खेपेला त्यांनाच विचार, "आजी, काय काय बदललं?" मला वाटतं, त्या मनापासून सांगतील. प्रेषित पौलानं एका पत्रात लिहिलंय की आतला माणूस दिवसेंदिवस नवा होत जातो. दिवसेंदिवस! म्हणजे एका रात्रीत काम फत्ते होत नाही. मीही अजून कुठं कुठं हिरवी आहे. दाबून पाहते तेव्हा कळतं.

या आठवड्याचा उद्योग

एक: चार कच्ची केळी आणा. दोन केळी एका कागदी पिशवीत ठेवा. उरलेली दोन दुसऱ्या पिशवीत ठेवा आणि त्यांच्याबरोबर एक पिकलेलं केळं ठेवा. दोन्ही पिशव्यांची तोंडं दुमडा आणि त्या लांब लांब ठेवा. कुठली केळी आधी पिकतात, ते रोज वहीत लिहा.

दोन (मोठ्या माणसाला बरोबर घेऊन): कच्च्या आणि पिकलेल्या केळ्याची एकेक चकती कापा. दोन्हींवर जखमेला लावतात त्या टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब टाका. स्टार्च असेल तिथं काळपट निळा रंग येतो. कच्ची चकती काळीनिळी होईल. पिकलेलीवर रंग फारसा चढणार नाही. त्या चकत्या मात्र खायच्या नाहीत!

तीन: हा उद्योग वहीत लिहायचा नाही. तुमच्या घरात असा एखादा कोनाडा आहे का, ते पाहा. कामाला येणाऱ्या मावशींचा कप कुठं ठेवतात? पाणी आणणाऱ्या, कचरा नेणाऱ्या काकांना पाणी कशातून देतात? आई-बाबांनो, मुलांनी विचारलं तर "मोठी झालीस की कळेल" एवढं मात्र म्हणू नका.

पुढच्या आठवड्यात भेटू, अशाच एका साध्या वस्तूबरोबर.

तुमची,
मावशी